पानांचे देणे

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवले. पानांचे आकार हा त्या अभ्यासक्रमातला लहानसा भाग, परीक्षेत दोन-तीन गुणांचा. एवढ्याशा भागाने मला जे दिले ते कुठेतरी लिहून ठेवावे असे फार दिवस मनात आहे. ज्यांच्यामुळे ते मिळाले त्यांतली दोन माणसे आता नाहीत. त्यांच्या हयातीत मी आभाराचा शब्दही नीट बोलले नाही. आपल्याकडे आईचे आणि गुरूचे आभार मानायची पद्धत नाही, आणि त्या पद्धतीच्या आड मीही राहिले.

नोकरीला लागले तेव्हा पानाविषयी पुस्तकातले सगळे मला येत होते. साधे पान म्हणजे आंबा, पिच्छाकृती संयुक्त म्हणजे कडुनिंब, हस्ताकृती म्हणजे काटेसावर. फळ्यावर आकृती काढायची, बाण करून नावे द्यायची, मुलांनी ती वहीत उतरवायची. पानाचा आकार ही माझ्या लेखी झाड ओळखायची एक ठरलेली खूण होती. तो आकार कुठून तरी येतो, पान लहानाचे मोठे होताना बनत जातो, हा विचार एम.एस्सी.पर्यंत शिकूनही माझ्या मनाला शिवला नव्हता.

तो विचार एका मुलीने माझ्यापुढे आणून ठेवला. आमच्याकडे सामाजिक वनीकरणात रस्त्याकडेला आणि उजाड माळावर अकेशिया खूप लावला गेला. लोक त्याला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात. त्याची पाने लांबट, कोयत्यासारखी वाकडी. पावसाळ्यात त्या झाडांखाली रोपे उगवतात, त्यातले एक रोप ती मुळासकट उपटून घेऊन आली. खाली शेंगदाण्याएवढ्याही नसलेल्या पर्णिकांची नाजूक संयुक्त पाने होती, अगदी आपल्या बाभळीची. वरती नुसती कोयत्यासारखी पाने. आणि मध्ये एक पान असे, की त्याचा देठ चपटा झालेला आणि त्या चपट्या देठाच्या टोकाला अजून थोड्या पर्णिका शिल्लक. तिने विचारले, “मॅडम, यात दोन झाडं एकत्र उगवलीत का?”

मला उत्तर देता आले नाही. घरी जाऊन पुस्तक काढले. अकेशियाचे जे आपण पान समजतो तो चपटा झालेला देठ आणि पानाचा मधला अक्ष असतो, त्याला पर्णाभवृंत म्हणतात, असे दोन ओळींत लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी मी तो शब्द फळ्यावर लिहिला. मुलीने तो वहीत घेतला आणि म्हणाली, “हो, पण ते होतं कसं?” तिच्या स्वरात उद्धटपणा जरासुद्धा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते, आणि माझ्याजवळ नाव सोडून काहीच नव्हते.

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा बी.एस्सी.ला शिकवलेल्या सरांना भेटले. ते निवृत्त झाले होते. रोप वर्तमानपत्रात दाबून बरोबर नेले होते, ते दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले, पण समजावून काही सांगितले नाही. मला घेऊन ते घराजवळच्या दत्तमंदिराकडे गेले. औदुंबराची फांदी ते तोडणार नव्हते. वळवाच्या सरीने आदल्या रात्री एक डहाळी मोडून पडली होती, ती त्यांनी उचलली. घरी येऊन भिंग आणि सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “टोकाचा कोंब उघड. घाई करू नकोस.”

उंबराच्या कोंबाभोवती उपपर्णाची टोपी असते. ती काढली की आत इवलेसे पान, घडी घातलेले. त्याच्या बाजूला आणखी एक टोपी, तिच्या आत आणखी लहान पान. असे उलगडत गेले आणि शेवटी भिंगालाही पुरेना एवढा ठिपका उरला. सर म्हणाले, “यापुढे सूक्ष्मदर्शक लागेल. तिथं पेशींचा एक घुमट असतो. झाड जगेल तोवर तो घुमट कडेला एकेक उंचवटा सोडत राहतो. उंबर असो, अकेशिया असो, तो उंचवटा आधी जवळजवळ सारखाच दिसतो. तू पुरी झालेली पानं बघत आलीस. आता इथून बघायला लाग.”

त्या दुपारी त्यांनी मला गटेची गोष्ट सांगितली. जर्मन कवी गटे 1786 साली इटलीला निघाला असताना पादुआच्या वनस्पती-उद्यानात थांबला. तिथे 1585 साली लावलेला एक पंख्याच्या पानांचा ताड होता. तो आजही आहे. त्याची खालची पाने साधी, भाल्याच्या पात्यासारखी, वरची वरची अधिकाधिक फाटत जाऊन शेवटी पूर्ण पंखा झालेली. एकाच झाडावर एका आकारातून दुसरा आकार निघताना त्याने पाहिला, आणि 1790 साली वनस्पतींच्या रूपांतरावरचे त्याचे पुस्तक आले. पाकळ्या, पुंकेसर, बीजदले ही सगळी एकाच मूळ अवयवाची रूपे आहेत असे त्याने त्यात मांडले. सर सांगत होते आणि मला माझ्या विद्यार्थिनीच्या हातातले रोप आठवत होते. कवीला पादुआत जे दिसले ते तिला डांबरी रस्त्याच्या कडेला दिसले होते, आणि मी त्याच रस्त्याने रोज कॉलेजला जात होते.

सरांनी ससेक्सचा प्रयोगही सांगितला. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला इयन ससेक्स या शास्त्रज्ञाने बटाट्याच्या कोंबात बारीक छेद घेऊन उगवू पाहणारा उंचवटा मधल्या घुमटापासून तोडला. उंचवटा वाढला, पण त्याला पाते फुटले नाही. सुईसारखा गोल दांडा तेवढा झाला. म्हणजे पानाला वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे मधल्या घुमटाकडून कळावे लागते, आणि जिथे वरची बाजू खालच्या बाजूला भेटते त्या सीमेवरून पाते पसरते. पुढे 1995 साली वेट्स आणि हडसन या संशोधकांनी स्नॅपड्रॅगनच्या फुलझाडात फँटास्टिका नावाचे जनुक बिघडले की पाने अशीच सुईसारखी होतात हे दाखवले. पान सपाट असते यात विचारण्यासारखे काही आहे हेच मला ठाऊक नव्हते.

निघताना सरांनी ते भिंग मला दिले. मी नको म्हटले, ते म्हणाले, “माझी दृष्टी आता त्याला पुरत नाही.”

घरी आल्यावर मी पहिल्यांदा फणसाचा कोंब उघडायला बसले. आई शेजारी बसून पत्रावळी लावत होती. हे काम ती माझ्या लहानपणापासून करत आली. लग्नकार्याला, श्राद्धाला, देवळातल्या समाराधनेला लोक सांगून जात आणि ती पत्रावळी आणि फणसाच्या पानांचे द्रोण करून देई. माझ्या शिक्षणाचे पुष्कळसे पैसे त्यातून आले. मला मात्र त्या कामाची लाज वाटे. कॉलेजातले कोणी घरी आले तर मी पानांचा भारा मागच्या पडवीत नेऊन ठेवी.

परसाजवळच्या फणसाच्या रोपाची काही पाने मी पाहायला आणली होती. आईने ती पाहिली आणि सहज म्हणाली, “ह्या रोपाची आणू नको गो. ती चिरलेली असतात, द्रोणाला चालत नाहीत. झाड जाणतं झालं की पान आखूड आणि अखंड येतं.” मी त्या पानांकडे नीट पाहिले. खरेच, त्यांच्या कडा खोल कापलेल्या होत्या, बोटे असावीत तशा. मोठ्या फणसाचे पान अखंड, गुळगुळीत कडेचे. माझ्या पुस्तकात फणस साध्या पानाच्या उदाहरणात होता आणि तेवढाच होता. आईला हे केव्हापासून माहीत असणार! मग मी विचारत गेले. वडाचे पान कोणत्या महिन्यात दुमडले तर तडकत नाही, सावलीतले पान उन्हातल्यापेक्षा मोठे आणि पातळ का निघते, एकाच डहाळीवर पहिली पाने लहान आणि मधली मोठी कशी येतात. ती हात न थांबवता सांगत गेली. का होते ते तिला सांगता येत नसे, पण काय होते त्यात तिची चूक मला कधी सापडली नाही. आईच्या बोलण्याची वही मी त्या वर्षी सुरू केली. ती अजून माझ्याजवळ आहे आणि माझ्या पदव्यांच्या कागदांपेक्षा मला ती अधिक मोलाची वाटते.

कोवळ्या वयातले पान आणि जाणत्या वयातले पान यांतला फरक झाड कसा राखते याचा एक धागा पुढे शास्त्रज्ञांच्या हाती लागला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकेशियाच्या काही जाती, निलगिरी, आयव्ही अशा वेगवेगळ्या झाडांमध्ये एकच गोष्ट दिसली. मायक्रोआरएनए 156 नावाचा एक अतिलहान रेणू रोपात भरपूर असतो आणि झाड जाणते होत जाते तसा कमी होतो. तो भरपूर असेतोवर पुढच्या वयाची जनुके दबलेली राहतात. तो ओसरला की ती कामाला लागतात आणि नव्या पानांचा आकार बदलतो. हे वाचले तेव्हा आई थकली होती. मी तिला सोप्या शब्दांत सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “मग फणसातही तेच का?” मी म्हटले, फणस त्यांनी तपासलेला नाही. “तपासायला सांग,” ती म्हणाली.

त्या अभ्यासापर्यंत मला नेणारा माझाच एक जुना विद्यार्थी होता. तो वनस्पतींच्या वाढीवर संशोधन करायला बाहेर गेला आणि गणपतीला घरी आला की भेटायला येई. चवथीच्या आदल्या दिवशी पत्री निवडत आम्ही ओटीवर बसत असू. पत्रीच्या सुपात जे असते ते पाहिले तर दुसरे कुठले चित्र काढायची गरज नाही: दूर्वांची पट्टीसारखी पाती, बेलाचे त्रिदळ, शमीच्या दुहेरी पिसासारख्या पर्णिका, हादग्याच्या जोड्यांनी लागलेल्या पर्णिका, रुईचे जाड अखंड पान, डोरलीचे काटेरी आणि कडेला वळणे घेतलेले. त्या सुपावरून त्याने मला जे शिकवले ते कुठल्याच वर्गात मला मिळाले नसते. तो मला मॅडम म्हणत होता आणि शिकत मी होते.

तो म्हणाला की मधल्या घुमटात नवा उंचवटा कुठे यायचा ते ऑक्सिन या संप्रेरकावर ठरते. पेशी ते एका ठिकाणी गोळा करतात, जिथे साठते तिथे पान उगवते. टोमॅटोच्या कोंबात ऑक्सिनची वाहतूक औषधाने थांबवली तर पाने येणेच थांबते, आणि त्या बोडक्या टोकावर ऑक्सिनचा थेंबभर लेप लावला तर नेमके तिथेच पान उगवते, हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या प्रयोगशाळेने 2000 साली दाखवले. मग त्याने डोरलीचे पान हातात घेतले. पानाच्या कडेवरही तीच रीत पुन्हा चालते. जिथे ऑक्सिन साठते तिथे दात किंवा खंड पुढे येतो, दोन दातांच्या मधल्या जागेत वाढ रोखून धरणारी जनुके काम करतात. मी इतकी वर्षे समजत होते की शिंप्याने कापड बेतावे तशी पानाची कड आतून कापली जाते. कापले काहीच जात नाही. काही जागा वाढतात आणि काही जागांना थांबवले जाते, त्या फरकातून कंगोरे दिसतात.

बेल आणि शमी यांच्याकडे वळून त्याने नॉक्स जनुकांविषयी सांगितले. घुमटातल्या पेशींना विभागत राहायला लावणारी ही जनुके. 1991 साली अमेरिकेत सारा हेक यांच्या प्रयोगशाळेने मक्यातले नॉटेड नावाचे असे जनुक वेगळे काढले. वनस्पतींत सापडलेले त्या प्रकारचे ते पहिले. साध्या पानाच्या उंचवट्यात ही जनुके बंद होतात आणि बंदच राहतात. पुष्कळशा संयुक्त पानांत ती पुन्हा जागी होतात, म्हणून पान लवकर पक्के होत नाही, त्याला आपल्या कडेवर पर्णिका काढायला वेळ मिळतो. मक्याचे ते जनुक टोमॅटोत घालून जास्त चालवले तर एका पानात शेकडो पर्णिका आल्या. वाटाण्याने मात्र हेच काम दुसऱ्या जनुकाकडून करून घेतले आहे.

2014 साली आलेला एक शोध त्याने मला सांगितला तेव्हा मी सूप बाजूला ठेवले. मोहरीच्या कुळातल्या दोन लहान वनस्पती, एक अरॅबिडॉप्सिस, साध्या पानाची, दुसरी कार्डामिनी हिरसुटा, पर्णिका असलेली. कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या मिल्टोस त्सियांटिस यांच्या गटाला कार्डामिनीत आरसीओ नावाचे जनुक मिळाले. पूर्वी कधीतरी एका जनुकाची नक्कल होऊन ते झाले होते आणि पर्णिकांच्या मधल्या जागेत वाढ रोखणे हे त्याचे काम. अरॅबिडॉप्सिसच्या पूर्वजांकडेही ते होते. मधल्या काळात हरवले. ते परत घातले तर अरॅबिडॉप्सिसच्या साध्या पानाला खोल खंड पडू लागतात. म्हणजे साधे पान नेहमीच जुने आणि संयुक्त पान नेहमी त्यातून पुढे आलेले असे नाही. मी वर्षानुवर्षे फळ्यावर साध्या पानापासून संयुक्ताकडे बाण काढत आले होते.

कापसाचीही गोष्ट याच घराण्यातली. विदर्भात पाहिलेल्या देशी कापसाच्या पानांना खोल बोटे असतात, अमेरिकन कापसाची पाने सहसा रुंद. त्या अमेरिकन कापसातही भेंडीसारख्या कापलेल्या पानांचे वाण आहेत. त्यांच्या झाडांत आत ऊन आणि वारा जास्त जातो, बोंडे कुजणे कमी होते. रुंद आणि कापलेले पान यांतला हा फरक आरसीओच्या गोत्रातल्याच जनुकामुळे पडतो, हे 2017 साली दाखवले गेले. शेतकरी ज्या फरकावरून वाण ओळखतो आणि शास्त्रज्ञ ज्या फरकावरून जनुक शोधतो तो एकच आहे, हे कळल्याचा आनंद मला आजही तेवढाच होतो.

आकार कसा होतो हे थोडेफार कळले, पण एक आकार इथे टिकतो आणि दुसरा तिथे, हे का, असे मुले विचारत. त्यासाठी मला बेली आणि सिनट या दोघा अमेरिकनांचे ऋण मानले पाहिजे. त्यांनी 1915 साली मांडले की उष्ण प्रदेशातल्या झाडांत अखंड कडेची पाने जास्त असतात, थंड प्रदेशात दातेरी पाने वाढतात. त्यावरून जीवाश्म झालेल्या पानांवरून जुन्या काळचे तापमान काढायची पद्धत निघाली. मी मुलांना आवारात सोडले. आंबा, फणस, काजू, कोकम, उंडी, वड, पिंपळ, करंज, सगळ्यांच्या कडा अखंड. जास्वंद आणि कडुनिंब दातेरी निघाले तेव्हा वाद झाला, आणि तो मी मिटवला नाही, कारण नियम झाडांच्या समूहाला लागू होतो, एकेकट्या झाडाला नाही, हे त्यांनाच वादातून सापडले. पानाचा मोठेपणा कशाने बांधला जातो याचा मोठा अभ्यास 2017 साली आला, 7,670 जातींचा. मोठ्या पानाभोवती स्थिर हवेचा जाड थर राहतो, म्हणून ते दिवसा तापते आणि निरभ्र थंड रात्री आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. तेव्हा मोठ्या पानाला पाण्याच्या टंचाईइतकाच रात्रीच्या गारठ्याचाही धोका असतो. केळ आणि सागवान आमच्या दमट उष्ण कोकणात सुखाने का राहतात, ते मला त्या वाचनाने उमगले.

त्याहून मागे, जमिनीवर झाडे आली तेव्हा पाने नव्हतीच. पाणी वाहून नेणाऱ्या पहिल्या वनस्पती म्हणजे फाटे फुटलेल्या हिरव्या काड्या. रुंद पाने सर्रास दिसायला सुमारे 4 कोटी वर्षे जावी लागली. हवेत कार्बन डायऑक्साइड फार होता, त्यामुळे पर्णरंध्रे कमी पुरत. कमी रंध्रांचे रुंद पान उन्हात भाजून निघाले असते. तो वायू घटत गेला, रंध्रे वाढली, मग पाने रुंदावू शकली, असे बीअरलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली मांडले. हे मी वर्गात सांगत असे तेव्हा खिडकीजवळची मुले बाहेरच्या वडाकडे पाहत. मला ते आवडे.

सर गेले त्या वर्षी श्रावणात मी आमच्या सड्यावर गेले होते. कातळावर पाणी साचते तिथे सीतेची आसवे निळीजांभळी फुलतात. कासचे पठार त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे, पण कोकणच्या सड्यांवरही ती आहेत. एक रोप मातीसकट बशीत घेऊन सरांच्या भिंगाखाली धरले. मातीत बारीक फुगे दिसले. ते फुगे म्हणजे पाने. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराला लागला की फुगा त्याला आत ओढतो. याच कुळातल्या काही जातींत हे मिलिसेकंदाहून कमी वेळात होते. सपाट पानाचा पेला कसा झाला ते नॉर्विचच्या जॉन इन्स केंद्रातल्या संशोधकांनी याच गोत्रातल्या दुसऱ्या एका जातीत 2020 साली उलगडले. पानाच्या वरच्या बाजूची ओळख देणारे जनुक उंचवट्याच्या लहानशा भागापुरते मर्यादित राहिले की वाढ पसरत न जाता पोकळ फुगा होतो. ससेक्सच्या छेदातून जो प्रश्न निघाला होता त्याचाच हा पुढचा भाग. सरांना हे सांगायला हवे होते.

निवृत्तीनंतर माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेला मी दाबलेल्या रोपांचे कागद दिले. अकेशियाची सगळी वये त्यात आहेत, फणसाचीही. कोणत्या पाठाला कोणते पान काढायचे ते प्रत्येक कागदावर लिहिले आहे, आणि जे आईचे सांगणे आहे त्याखाली आईचे नाव घातले आहे. भिंगही तिला देऊन टाकले. जूनमध्ये अकेशियाची रोपे उगवली की मुलांना रस्त्याकडेला घेऊन जा, आणि देठ चपटा होऊन टोकाला पर्णिका उरलेले मधले पान त्यांनाच शोधू दे, एवढे सांगितले.